गेटपर्यंत

आमचे सर माझ्या डोळ्यांदेखत निदान शंभर वेळा मेले असतील. कधी साप चावून, कधी विंचू चावून, कधी फवारणीचं औषध नाकातोंडात जाऊन, आणि एकदा तर चक्क बाळंतपणात. मरायचा वार ठरलेला होता, मंगळवार. वेळ सकाळची, ओपीडीची गर्दी उसळायच्या आधीची. मरून झालं की उठायचे, कोटाची धूळ झटकायचे आणि आम्हा शिकाऊ डॉक्टरांकडे अशा नजरेनं पाहायचे, की यांच्याऐवजी आपणच मेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटावं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्याची ती कॅज्युअल्टी. गाव सांगत नाही. आमच्याकडे गावाचं नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर माणसं खरं-खोटं करायला बसतात, आणि त्यात माझीच अडचण होते. मी शंभरातलं साठ खरं सांगतो. बाकीचं चाळीसही खरंच असतं, फक्त ते दुसऱ्या कोणाचं तरी असतं.

तर सर. उंच, वाळलेल्या बोरीच्या फांदीसारखे, खिशात फुटाणे, नाकावर जाड काड्यांचा चष्मा. तातडीचे पेशंट कसे बघायचे हे शिकायला आम्ही सातआठ जण त्यांच्या हाताखाली होतो. मी जळगाव जामोदचा. बाकीचे इकडचे-तिकडचे, आणि एक थेट पुण्याची. तिला आम्ही तोंडावर मॅडम आणि पाठीमागे पुणेकरीण म्हणायचो. तिला दोन्ही माहीत होतं.

भिंतीवर चित्रं दाखवून शिकवणं सरांना मंजूर नव्हतं. पेशंट काही भिंतीवरून चालत येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पेशंट ते स्वतःच व्हायचे. चष्मा काढायचे आणि मोठ्या सिस्टरच्या कापसाच्या स्टीलच्या ट्रेमध्ये टाकायचे. ठण्ण. तो आवाज झाला की आम्ही ट्रॉलीभोवती ताठ उभे राहायचो. आजही घरात बायकोच्या हातून चमचा ताटात पडला, तर मी आधी स्वतःची नाडी बघतो.

चष्मा नाकावर असला की सरांची मराठी शाळेच्या पुस्तकातली. "आपण या गृहस्थांचा रक्तदाब मोजला आहे का?" असं ते बोलायचे, शब्दांना इस्त्री केल्यासारखं. चष्मा ट्रेमध्ये पडला की तोंडातून वऱ्हाडी सुरू. मूळचे ते डोणगावचे, पण स्वतःची ती भाषा त्यांनी जणू फक्त मरण्यासाठी राखून ठेवली होती. चष्मा आणि वऱ्हाडी या दोन गोष्टी एका वेळी त्यांच्या तोंडावर कोणी पाहिल्या नव्हत्या. हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुढं लागणार आहे.

एका मंगळवारी ते माझ्याच गावचे गुराखी झाले. सातपुड्याच्या पायथ्याला गुरं चारताना पायाला काहीतरी चावलं, एवढंच सांगायचे, जास्त विचारलं की झोप येते म्हणायचे. मी मोठ्या ऐटीत पायावरची जखम शोधत बसलो. तिकडं सरांच्या पापण्या हळूहळू उतरत होत्या, सोमवारी बाजारपेठेत शटर उतरतं तशा. आवाज नाकात गेला. मान पडली. सिस्टरनं हे नाटक वर्षानुवर्षं पाहिलं होतं, तरी तिचा हात आपोआप फ्रिजमधल्या सापाच्या इंजेक्शनकडे गेला. आणि दारात बसलेली कुणाची तरी आजी पदर तोंडाला लावून रडायला लागली, "कोनाचा हाय वो बिचारा?" सर मेलेल्या अवस्थेतच एक डोळा उघडून मला म्हणाले, "पाय पाहून राह्यला का बे? तोंडाकडे पाह्य. पापनी सांगून राह्यली तुले, साप हाय म्हनून." त्यानंतर मी सहा महिने प्रत्येकाच्या पापण्याच पाहत होतो. बसमध्ये डुलकी घेणाऱ्या कंडक्टरच्यासुद्धा.

पुणेकरणीची पाळी आली तेव्हा सर साखरखेर्ड्याचे धान्यव्यापारी होते. ट्रॉलीवर आडवे, हात छातीवर, आणि एकच रट, "मॅडम, जीव लय घाबरून राह्यला वो." ती मनानं चांगली. तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "घाबरू नका काका. काही होत नाही."

सर उठून बसले. चष्मा मागितला. सिस्टरनं दिला.

"डॉक्टर, हे गृहस्थ भ्यालेले नाहीत," सर इस्त्रीच्या मराठीत म्हणाले. "इकडे जीव घाबरतो म्हणजे भीती वाटते असं नव्हे. छाती भरून येते, श्वास पुरत नाही, आतून काहीतरी सुटून चाललंय असं होतं, त्याला घाबरणं म्हणतात. भीतीला इकडे भेव म्हणतात. तुम्ही त्याला धीर दिलात आणि त्याचं हृदय बंद पडलं. हे नीट वाटून घ्या. घाबरायचं काम पेशंटचं. भेव लागायचं काम तुमचं."

ती पांढरी पडली. दुपारी डबा उघडला तरी तिचा घास हातातच. मी म्हटलं, मॅडम, इतकं मनावर घेऊ नका. तर म्हणाली, "मला आता खरंच भेव लागतंय." मी म्हटलं, लागतंय नाही म्हणत, लागून राह्यलं म्हणतात. ती पाठ करत बसली.

भेव हा सरांचा खरा विषय. बाकी हृदय, फुप्फुस, साप, विष ही सगळी त्याची उदाहरणं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांच्या खुर्च्या त्यांनी स्वतः उचलून स्टोअरमध्ये नेऊन टाकल्या होत्या. बसलेला माणूस भीत नाही, असं त्यांचं शास्त्र. स्वतः उभ्यानं फुटाणे खायचे, उभ्यानं चहा प्यायचे, आणि घरी झोपतही उभ्यानंच असावेत अशी आमची खात्री होती. कॅज्युअल्टी भरलेली असली की ते त्यातल्या त्यात निवांत. रिकामी झाली की मात्र दारातून खिडकीपर्यंत येरझारा. आम्हाला वाटायचं, चला, जरा पाठ टेकू. आणि सर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "कुठे अडकले असतील? कोणीतरी आत्ता घरी ओवा खात बसलं असेल." मग आमचीही पाठ टेकायची नाही. डोळ्यांसमोर ओवा खाणारा तो माणूस यायचा. ओळख ना पाळख, पण त्याच्यासाठी जीव टांगणीला.

ओव्याचं कारण म्हणजे गॅस. हा शब्द आमच्या कॅज्युअल्टीत बंद होता. छातीत दुखलं की अख्खा जिल्हा 'गॅस झाला' म्हणतो. सोडा पितो, ओवा चावतो, पाठ चोळून घेतो आणि वेळ निघून गेली की आमच्याकडे येतो. पेशंटनं गॅस म्हटलं तर चालेल. डॉक्टरच्या तोंडून निघाला, की शिक्षा. हातातलं काम दुसऱ्याला द्यायचं आणि कॅज्युअल्टीच्या दारापासून मोठ्या गेटपर्यंत पळत जायचं, गेटला हात लावायचा आणि पळत परत यायचं. मोटारसायकलींच्या रांगा, कडुनिंब, नातेवाइकांच्या चुली, सगळं ओलांडून. जातायेता सगळा दवाखाना बघायचा. गेटबाहेर रसवंती होती. पांढरा कोट पळत येताना दिसला की रसवंतीवाला चरकावरचा हात न थांबवता विचारायचा, "गॅस का जी?"

ही शिक्षा कोणालाच चुकली नाही. गॅसच्या गोळ्या विकायला आलेला एक टायवाला प्रतिनिधी होता. त्यानं बॅग उघडून पहिलंच वाक्य म्हटलं, आणि सरांनी त्याला गेट दाखवलं. त्याला वाटलं हाकलताहेत. आम्ही समजावलं की परत यायचं आहे. बिचारा बॅगेसकट पळाला. त्यानं पुढं औषधांचा धंदाच सोडला आणि आता मेहकर रोडला टायर विकतो म्हणतात. हे त्या चाळीसातलं आहे.

पण गेटच का? वरच्या मजल्यापर्यंत का नाही, टाकीपर्यंत का नाही? सरांना विचारायची कोणाची छाती नव्हती. मोठ्या सिस्टरला विचारलं तर ती म्हणायची, "पळा मुकाट्यानं."

आता तो मंगळवार. थंडीचे दिवस. आम्ही स्वेटर घालून ट्रॉलीभोवती गोल करून उभे. सर उशिरा आले. ते कधी उशिरा येत नसत, म्हणून आमची आधीच चुळबुळ, आज काहीतरी जबरी आणलंय यांनी. आले आणि पेशंटच्या स्टुलावर बसले.

बसले. खुर्च्या स्टोअरमध्ये टाकणारा माणूस बसला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नाटक सुरू झालं होतं, आणि कोणत्या आजाराचं ते ओळखायचं होतं. सर जबडा चोळत होते. एकानं विचारलं, सर, बरं वाटत नाही का?

"काही नाही बे," सर म्हणाले. "गॅस हाय."

क्षणभर कोणाला खरं वाटेना. मग जो काही हशा उठला, की बाहेरच्या कडुनिंबावरचे कावळे उडाले. वर्षभर पळवलेल्या पायांना न्याय मिळाला होता. कुणीतरी ओरडलं, "सर, गेट!" मग सगळेच. गेट, गेट. टाळ्या. नाटक असलं तरी शब्द तोंडातून निघाला होता. सरही हसले. नियम म्हणजे नियम, असं काहीतरी पुटपुटत ट्रॉलीला धरून उठले आणि दाराकडे निघाले.

मी टाळीसाठी हात उचलला होता. तेवढ्यात मनात आलं, आज ठण्ण ऐकलं नाही.

मी ट्रेकडे पाहिलं. ट्रेमध्ये नुसता कापूस. सरांकडे पाहिलं. चष्मा नाकावर, आणि तोंडात डोणगाव.

डोक्यात दोन माणसं भांडायला लागली. एक म्हणत होता, अरे, ही परीक्षाच आहे. मध्ये पडलास तर सर वर्षभर तुझी नक्कल करतील, आणि तुझं मरणही बाकीच्यांना दर मंगळवारी करून दाखवतील. दुसरा काहीच म्हणत नव्हता, नुसता सरांचा चष्मा बघत होता. काचेवर आतून एक थेंब सरकत होता. डिसेंबर महिना, आम्हाला स्वेटरात हुडहुडी, आणि सरांच्या कपाळावरून थेंब. पुणेकरीण पुढं झाली आणि जाता जाता तिनं सरांचा हात धरला. तिचा चेहरा बदलला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःचा ओला झालेला तळवा मला दाखवला.

मी दारात जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

"सरक बे," सर म्हणाले.

सरांचाच एक नियम होता. आलेल्या माणसाला तोंडावर पेशंट म्हणायचं नाही. बाबा म्हणा, काका म्हणा, मावशी म्हणा. ज्याला नातं लावलं त्याला डॉक्टर घाईनं घरी पाठवत नाही. मला दुसरं काही सुचलं नाही.

"बाबा, झोपा," मी म्हणालो. आवाज माझा नव्हताच, कुठून तरी भाड्यानं आणल्यासारखा.

मागचा हशा थांबला. सरांनी मान वर केली आणि मोठ्या कष्टानं इस्त्री केलेलं वाक्य काढलं, "डॉक्टर, कारण सांगा."

"तुम्ही चष्मा काढला नाही."

त्यांनी हात नाकाकडे नेला. चाचपून पाहिलं. होता. मग सगळं अंग सैल सोडल्यासारखे माझ्या खांद्यावर आले, आणि कानाजवळ म्हणाले, "जीव घाबरून राह्यला बे."

घाबरू नका, असं पुणेकरीण म्हणाली नाही. तिनं त्यांना आडवं केलं, कोट बाजूला केला आणि ईसीजीच्या तारा लावल्या. कागदावर रेषा अशा उठल्या की सातपुड्याची रांग. ऍस्पिरिन चावायला दिली. हाताला सुई लावली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तयार करताना माझ्या बोटांतून ती छोटी बाटली दोनदा निसटली. इंजेक्शन अर्धं गेलं नसेल, मॉनिटरवरची रेषा वेड्यासारखी थरथरायला लागली, आणि सर मेले.

शंभर वेळा मेलेला माणूस, पण तेवढं एकदाच खरं. खरं मरण अगदी साधं दिसतं. ना कण्हणं, ना मान टाकणं. सर नाटकात किती जास्त करायचे, ते तेव्हा कळलं.

मी छाती दाबायला लागलो. पुणेकरणीनं शॉकचे पॅड चिकटवले, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि बटण दाबलं. सरांचं अंग उडालं. रेषा सपाट. मी परत दाबायला लागलो. माझ्या हाताखाली काहीतरी कटकन मोडलं. मी थांबलो नाही. मग एक ठोका आला. थांबून दुसरा. मग ते येतच राहिले. मोठी सिस्टर ट्रॉलीच्या कडेला धरून उभी होती, आणि मॉनिटरचा आवाज येईल तशी मान हलवत होती.

सरांनी डोळे उघडले तेव्हा माझा घाम त्यांच्या तोंडावर पडत होता. ओठ हलले. मी कान नेला.

"बरगडी मोडली ना बे?"

हो सर, म्हटलं.

"मंग बरोबर दाबून राह्यला होता."

हे साठातलं आहे. विचारा कोणालाही.

दुपारी ऍम्ब्युलन्स त्यांना मोठ्या शहरात घेऊन गेली. पुणेकरीण सोबत गेली. आम्ही बाकीचे कॅज्युअल्टीत उभे. बसायला खुर्च्या नव्हत्याच, आणि असत्या तरी कोणी बसलं नसतं. फोन वाजला की सगळे दचकायचे, आणि तो भलत्याचाच निघायचा. कोणीतरी हळूच म्हणालं, आपण त्यांना गेटपर्यंत पळवणार होतो.

तेव्हा मोठ्या सिस्टरनं सांगितलं. सर इथे नवेनवे लागले होते, त्या काळची गोष्ट. साखरखेर्ड्याचे एक गुरुजी छातीत जळजळतं म्हणून आले. सरांनी तपासलं, गॅस आहे म्हणाले, गुलाबी औषध पाजलं आणि पाठवून दिलं. गुरुजी नमस्कार करून निघाले. गेटपर्यंत पोचले, रसवंतीच्या बाकड्यावर बसले, आणि ते काही उठले नाहीत. कोणीतरी ओरडत आलं. सर इथून पळाले.

"मी मागंच होते," सिस्टर म्हणाली. "जीव तोडून पळाले. पण गेट लांब हाय बाबू. सर तुम्हाले पळवते ना, ते शिक्षा म्हणून नाही. इथून तिथपर्यंत पोचायले किती वेळ लागते, ते पायाले कळलं पाहिजे म्हणून."

वर्षभर आम्ही ते अंतर हसत पळालो होतो. त्यानंतर मी कोणत्याही कारणानं गेटकडे निघालो, चहा प्यायला का असेना, तरी पाय आपोआप जोरात पडायचे.

सर परत आले ते उन्हाळा संपता संपता. असेच एका मंगळवारी. आणखी वाळलेले, सदरा खांद्यावर खुंटीला टांगल्यासारखा. आम्ही ट्रॉलीभोवती उभे होतो. त्यांना शिकवायची अजून परवानगी नव्हती. सिस्टरनं घाईघाईनं ट्रे पुढं केला. त्यांनी तो हातानंच बाजूला सारला. चष्मा नाकावरच राहिला.

"माही एक शिक्षा राह्यली," ते म्हणाले.

आम्ही नको म्हणालो. डॉक्टरांनी काय सांगितलंय, उन्हं किती आहेत, सगळं बोलून झालं. ते दाराकडे निघालेच होते. मग काय करणार, वरात निघाली. पुढं सर, एकेक पाऊल टाकत. त्यांच्या बाजूला पुणेकरीण, त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून. मागं मी व्हीलचेअर ढकलत. माझ्या मागं शॉकचं मशीन, ऑक्सिजन, औषधांचा ट्रे, आणि सगळ्यांत शेवटी मोठी सिस्टर. कडुनिंबाखालचे नातेवाईक चुलीवरून उठून उभे राहिले. अख्ख्या जिल्ह्यात एवढ्या बंदोबस्तात कोणी मंत्रीसुद्धा चालला नसेल. प्रत्येक पावलाला माझं काळीज व्हीलचेअरच्या चाकाखाली येत होतं. एकदा सर थांबले, तर आम्ही सगळे थांबलो. त्यांना फक्त चप्पल नीट करायची होती.

रसवंतीवाल्यानं आम्हाला येताना पाहिलं. चरक थांबवला. घुंगरांचा आवाज बंद झाला.

सरांनी गेटला हात लावला. मग गेटबाहेरच्या त्या बाकड्याकडे बघत राहिले. त्यावर उसाची चिपाडं पडली होती, आणि एक पोरगी रस पीत पाय हलवत बसली होती. किती वेळ बघत होते कोण जाणे. आम्ही त्यांच्या छातीकडे बघत होतो.

मग ते पुणेकरणीकडे वळले. तिची बोटं अजून त्यांच्या मनगटावर होती, आणि ती ओठांतल्या ओठांत ठोके मोजत होती.

"काऊन वो," सर म्हणाले, "घाबरून राह्यलं का तुले?"

"नाही सर," ती म्हणाली. "भेव लागून राह्यलं."

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे, मग मागच्या वरातीकडे.

"लागू दे," म्हणाले, आणि परत फिरले.